सगळ्यांनी हात वर!

आमच्या स्टुडिओत माणसं चार आणि दमदार कॉम्प्युटर एकच. वेलिंग्टनच्या आयलंड बे भागात, मासेमारीच्या जाळ्यांच्या जुन्या गोदामात आम्ही मुलांसाठी एका छोट्या निळ्या पेंग्विनची कार्टून फिल्म करत होतो. तावीता लाटा करायचा, मी आकाश आणि खडक. आमची मालकीण नाइरी पेंग्विनला चालवायची आणि मारामा सगळी यंत्रं सांभाळायची. त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीवरून दिवसभर भांडणं.

"ऊठ रे तावीता! तुझी लाट किनाऱ्याला लागेपर्यंत माझा पेंग्विन म्हातारा होईल!" नाइरीचं हे रोजचं.

त्यात फिल्म घेणाऱ्या टीव्ही चॅनलच्या ब्रॉन्विनबाईंनी ती बघायला नेमका शनिवार धरला. शनिवारी जवळच्याच पोरिरुआ गावात तावीताच्या धाकट्या बहिणीचं लग्न.

"बाईंनी लाट बदलायला सांगितली तर कोण बदलणार? मी?" नाइरी म्हणाली.

तावीता एवढा धिप्पाड गडी, पण तोंड एवढंसं झालं. "म्हणजे आईला सांगू, बहिणीपेक्षा लाट मोठी?"

"खुर्चीचं काय घेऊन बसलात?" मारामा म्हणाली. "कार्डाच्या वाटण्या करू."

चित्रं हलवण्याची सगळी ताकद त्या कॉम्प्युटरमधल्या ग्राफिक्स कार्डात. मारामाचं सॉफ्टवेअर त्या एकाचे चार करणार होतं. खरे चार नव्हेत, पण आम्ही कुठूनही लॅपटॉप जोडला, की प्रत्येकाला स्वतःचं कार्ड असल्यासारखंच वाटणार.

"एका केकचे चार तुकडे केले तर चौघंही उपाशी," नाइरीने नाक मुरडलं.

"चौघं एकदम खातात कुठे?" मारामाने माझ्याकडे बोट केलं. "तू निम्मा वेळ फोनवर, ही निम्मा वेळ खिडकीबाहेर बघत. जो थांबेल त्याचा वाटा आपोआप बाकीच्यांना."

तिने ते बसवलं. माझ्या मरतुकड्या लॅपटॉपवर अख्खा समुद्र सळसळला, तशी मी किंचाळले. नाइरी धावत आली, "काय चावलं?" मग तिने स्वतःचा लॅपटॉप उघडून पाहिला आणि ती जी सुटली! धक्क्यावर बसून पेंग्विन चालवला, फिश अँड चिप्सच्या दुकानातून चालवला. एकदा तर बाथरूममधून ओरडली, "इथूनही चालतोय गं!"

तावीता लॅपटॉप घेऊन लग्नाला गेला.

शनिवारी ब्रॉन्विनबाई सोफ्यावर बसल्या. गंभीर चेहऱ्याने सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. पण शेवटची लाट बारकी वाटते. मोठी करून आत्ताच दाखवता येईल?"

आम्ही व्हिडिओ कॉल लावला. गळ्यात फुलांची माळ, कमरेला लुंगीसारखा लावालावा, मांडीवर लॅपटॉप आणि पाठीशी तीन मावश्या, असा तावीता चर्चच्या हॉलमधून उगवला.

"मोठी म्हणजे किती मोठी?"

"मोठी कर रे, कंजूषपणा नको!" थोरली मावशी मागून गरजली.

त्याने लाट उचलली. ती छताएवढी झाली आणि हवेतच अडकली. मी ढग रंगवत होते, नाइरी पेंग्विनची मान ठीक करत होती. ताकद पुरेना.

"कामं थांबवा!" मारामा ओरडली. "सगळी ताकद तावीताला जाऊ दे. कुणी कशाला हात लावू नका. हात वर!"

आम्ही तिघींनी हात वर केले. ब्रॉन्विनबाईंना काहीच कळलं नव्हतं, पण त्यांनीही केले. ते पाहून तिकडे मावश्यांनी केले, नवऱ्यामुलाने केले, पाद्रीबाबांनीही केले. एवढी माणसं हात वर करून लाटेकडे बघत राहिली, आणि ती धाडकन कोसळली! पेंग्विन कोलांट्या खात वर उडाला आणि खडकावर बुडावर आपटला.

ब्रॉन्विनबाई हसता हसता सोफ्यावरून घसरल्या. हात मात्र अजून वरच. "घेऊ का आता खाली?"

"फिल्म पसंत आहे का ते आधी सांगा!" नाइरी म्हणाली.

"पसंत, पसंत!"

"मग तिथे कशाला बसलाय?" पडद्यावरून मावशीने विचारलं. "डुक्कर भाजून तयार आहे. बाईंनाही आणा!"

नाइरीच्या गाडीत आम्ही चौघी कोंबून बसलो आणि वाटभर वेड्यासारख्या खिदळलो. हॉलमध्ये मावश्यांनी बाईंच्या कानामागे फूल खोचलं आणि त्यांना नाचाच्या रांगेत ओढलं. तावीता बहिणीभोवती पाय आपटत, आरोळ्या ठोकत नाचत होता.

धापा टाकत बाई त्याच्याजवळ गेल्या. "ऐक ना, ती लाट अजून थोडी मोठी होईल?"

त्याने त्यांच्या हातात तारोच्या कंदाचा मोठा तुकडा ठेवला.

"सोमवारी," तो म्हणाला. "आधी जेवा."