पंख्याची वही

माझ्या गाडीला बावीस वर्षं झाली आणि मला बासष्ट, आणि आमच्या घरात दोघींविषयी एकाच सुरात बोलायची पद्धत पडली होती. ‘आता हिला फार ताण देऊ नये’ असं कोणी म्हणालं की मी आधी विचारायची, कोणाला?

एप्रिलमधल्या एका शनिवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला खंडेराव मार्केटच्या बाहेर ती तापली. वाहतूक खोळंबलेली, सगळ्यांचे दिवे लागलेले, मागच्या सीटवर कलिंगड आणि गवार, आणि समोरचा काटा लाल पट्टीला टेकलेला. रेडिएटरमधलं पाणी थंड ठेवायला एक विजेचा पंखा असतो. गाडी पळत असते तोवर वारा त्याचं काम करतो, गाडी उभी राहिली की पंख्यानं फिरायचं. तो फिरत नव्हता. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि अर्धा तास भाजीच्या पिशव्यांसोबत बसून राहिले. नंतर घरी येऊन बॉनेट उघडलं तर पंखा छान घुमत होता, जणू मीच खोटं बोलत होते.

अकोट्यातल्या आमच्या गॅरेजवाल्या विहंगभाईंनी आधी रेडिएटरचा स्विच बदलला. तीन दिवस बरे गेले, चौथ्या दिवशी पुन्हा तेच. मग त्यांनी रिले, म्हणजे पंख्याला वीज सोडणारी डबी, बदलला. पुन्हा तेच. त्यांच्या गॅरेजात गाडी नेली की पंखा गुणी मुलासारखा वागायचा, आणि मी निघाले की संध्याकाळी रुसायचा.

मग आमचे अविनाशराव मैदानात उतरले. हे नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात एकतीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. घरातला बल्ब मी बदलला तरी ह्यांना तो पुन्हा काढून बघावा लागतो. ह्यांनी मीटर आणला, पंख्याचा प्लग काढला, प्लगमध्ये मीटरच्या पिना घातल्या आणि मान हलवली.

“बारा व्होल्ट पूर्ण येतायत. वीज पोचतेय म्हणजे मोटरच गेलीय.”

मोटर बदलली. नवी मोटरही पाचव्या दिवशी रुसली. ह्यांनी मीटर कपाटात ठेवून दिला आणि त्या विषयावर बोलणं सोडलं. विहंगभाईंनी हात झटकले; अख्खं वायरिंग गेलंय, गाडी काढून टाका, असं त्यांच्या गुजरातीत म्हणाले. “बेन, आखुं वायरिंग गयुं छे. हवे काढी नाखो आ गाडी.”

बुधवारी पुण्याहून कुणालचा, आमच्या मुलाचा फोन आला. बापलेकांचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं.

“आई, जुन्या गाड्या घेणारा एक माणूस आहे. रविवारी येईल. रस्त्यात पेट घेतला असता म्हणजे?”

“आणि मग मी जायचं कसं?”

“टॅक्सी मागव ना फोनवरून. नाहीतर बाबांना सांग, सोडतील ते.”

माझ्या नाकावर राग आहे असं शाळेत सगळे म्हणायचे, ते खरंच आहे. पण त्या दिवशी मला रागाच्या आधी भीती वाटली. मी चाळिसाव्या वर्षी लायसन्स काढलं. आमच्या सोसायटीत गाडी चालवणारी पहिली बाई मी. त्यानंतर बावीस वर्षांत ‘मला जरा तिकडे सोडता का’ हे वाक्य मी कोणाला म्हटलेलं नाही. रविवारनंतर ते रोज म्हणावं लागणार होतं, आणि ऐकणारा प्रेमानंच ‘हो’ म्हणणार होता, हे मला जास्त लागत होतं.

माझ्याकडे एक वही होती. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, निरीक्षण लिहून ठेवायची खोड जात नाही. दुसऱ्यांदा पंखा बंद पडला तेव्हापासून मी तारीख, वेळ, रस्ता, ऊन, काचा वर की खाली, सगळं लिहीत होते. शुक्रवारी दुपारी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला बसले. पंखा अकरा वेळा रुसला होता. त्यातल्या नऊ वेळांना वेळेच्या रकान्यात सात, सव्वासात, पावणेआठ असंच लिहिलेलं. उरलेल्या दोन वेळांचं कारण मला आजही सांगता येत नाही. पण नऊ वेळा गाडीचे पुढचे दिवे लागलेले होते. विहंगभाई आणि हे, दोघांनीही गाडी तपासली ती भर दिवसा, दिवे बंद ठेवून.

शनिवारी सकाळी मी बांगड्या काढल्या, ओढणी घरात ठेवली आणि कपाटातून मीटर घेतला. हे पेपर वाचत होते.

“काय चाललंय?”

“प्रॅक्टिकल.”

पार्किंगमध्ये बॉनेट उघडून इंजिन सुरू केलं आणि सकाळच्या उन्हात पुढचे दिवे लावले. पंधरा मिनिटांनी काटा वर सरकला. पंखा फिरायची वेळ झाली, आत रिलेची टिक ऐकू आली, दिवे मंदावून लालसर झाले आणि पंखा जागच्या जागी नुसता थरथरला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तीन आठवडे लपाछपी खेळणारा चोर समोर उभा होता.

विजेला जायला एक वाट लागते आणि परत यायला दुसरी. गाडीत परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. पंख्याची आणि दिव्यांची काळी वायर कुठेतरी बोल्टनं त्या पत्र्याला जोडलेली असते. ह्यांनी प्लग काढून मोजलं होतं, म्हणजे वाटेवर कोणी चालत नसताना वाट कशी आहे ते पाहिलं होतं. रिकाम्या वाटेवर गर्दी कळत नाही; दिवे आणि पंखा एकदम त्या वाटेवर आले की कळते. नववीतल्या मुलांना मी हे दर वर्षी सांगायची, प्रवाहच नसेल तर अडथळा मीटरला दिसणार नाही. मी प्लग लावलेलाच ठेवला. मीटरची एक पिन पंख्याच्या काळ्या वायरला लावली आणि दुसरी बॅटरीच्या वजा टोकाला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. मीटरनं नऊ दाखवले.

बारापैकी नऊ व्होल्ट परतीच्या वाटेवर अडून बसले होते. पंख्याच्या वाट्याला उरले तीन. खात्रीसाठी एक लांब वायर घेऊन मी काळ्या वायरचं टोक थेट बॅटरीला जोडलं, आणि पंखा असा उसळला की मी दोन पावलं मागे झाले.

इंजिन बंद केलं, दिवे बंद केले. काळी वायर बोटानं धरून मागे मागे गेले. ती बॅटरीच्या शेजारी एका बोल्टपाशी संपत होती. त्या बोल्टवर बोटभर जाड लाल-पिवळा थर होता, खाली हिरवट झालेलं तांबं, गंजलेला पत्रा आणि मध्ये अडकलेले तांदळाचे दाणे.

तो थर माझा होता. दसऱ्याला सगळे बॉनेटवर स्वस्तिक काढून मोकळे होतात. मी पहिल्याच वर्षी ठरवलं होतं, पूजा करायची तर यंत्राची करायची, पत्र्याची नाही. विज्ञानाच्या बाईंचा ताठा तो. बॉनेट उघडून बघितलं तर सगळीकडे काळे पाइप आणि वायरी, आणि बॅटरीजवळ एकच बोल्ट स्वच्छ, चकचकीत. तोच मी निवडला. बावीस दसरे त्याला ओलं हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, झेंडूच्या फुलानं पाणी शिंपडलं. विजेला परतीची वाट मिळावी म्हणून तिथे मुद्दाम रंग लावलेला नव्हता; पण हाच एक चकचकीत का, हा प्रश्न तीस वर्षं मुलांना ‘प्रश्न विचारा’ सांगणाऱ्या बाईंना एकदाही पडला नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

दोन मिनिटं मनात वाईट विचार आला. हे वर पेपरात होते, खाली कोणी नव्हतं. पॉलिश पेपरनं बोल्ट घासून टाकला असता तर कोणाला कळलं नसतं. पण मग मी शोधलं काय, हेही कोणाला कळलं नसतं. आणि मला ते सगळ्यांना कळायला हवं होतं. मी ह्यांना खाली बोलावलं आणि विहंगभाईंना फोन केला.

दोघं इंजिनवर वाकले. मी आधी मीटर दाखवला, मग बोल्ट, आणि सरळ सांगून टाकलं, “हा बिघाड माझ्या हातचा आहे. दर दसऱ्याला मी केलाय.”

विहंगभाईंनी कानाला हात लावला; कुंकू माखलेल्या बोल्टला पाना कसा लावायचा, असं त्यांचं म्हणणं. “बेन, में जोयुं हतुं. पण त्यां तो कंकु चोपडेलुं हतुं. ए बोल्टने पानुं केम अडाडुं?”

“आणि तुम्ही?” मी ह्यांना विचारलं.

हे चष्मा पुसत होते. “मीही पाहिला होता. म्हटलं तुझी पूजा आहे ती, कशाला मोडा.”

म्हणजे दोन जाणती माणसं त्या एका बोल्टला वळसा घालून उरलेली सगळी गाडी बदलत बसली होती. मला हसू आलं आणि भरूनही आलं. मी बोल्टला मनातल्या मनात नमस्कार केला, पाना माझ्याच हातात घेतला आणि तो सोडवला. पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाची कडी घासली, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावलं. विहंगभाई नुसते टॉर्च धरून उभे होते. इंजिन आणि दिवे पुन्हा लावून पाहिलं, तर मीटरनं परतीच्या वाटेवर पाव व्होल्टही दाखवला नाही. “टीचर, मारे त्यां आवी जाव,” विहंगभाई म्हणाले, म्हणजे त्यांच्या गॅरेजात कामाला या, आणि ते काही निव्वळ मस्करीत म्हणाले नाहीत. मला माझ्या निवृत्तीच्या समारंभात इतका अभिमान वाटला नव्हता. तिथे शाल मिळाली होती, इथे माझी नखं काळी झाली होती.

रविवारी संध्याकाळी मी ह्यांना घेऊन मुद्दाम खंडेराव मार्केटला गेले. मुद्दाम सात वाजता, दिवे लावून, रिक्षांच्या आणि हातगाड्यांच्या गर्दीत. गाडी वीस मिनिटं जागेवर उभी राहिली. काटा वर सरकला, टिक झालं आणि पंखा फिरू लागला. थोड्या वेळानं आपला आपण थांबला, पुन्हा फिरला. काटा मध्याच्या वर गेला नाही.

ह्यांचा फोन वाजला. गाड्या घेणारा तो माणूस अकोट्यात आमच्या दारात उभा होता, गाडी दिसत नाही म्हणत होता.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोर रस्त्याकडेच बघत होते.

“भाई, गाडी विकायची नाही,” हे त्याला म्हणाले. “ज्यांची आहे त्या आत्ता चालवतायत. मला मार्केटला सोडायला आल्यात.”