फळ्यावरचा ट्रेव्हास्किस

तळहातावर घेतलेत तर मी तुम्हाला अगदी क्षुल्लक वाटेन, मित्रांनो. बिस्किटाएवढा चौकोनी चुंबक, कोपरे झिजलेले, पांढऱ्यावर निळी अक्षरे: ट्रेव्हास्किस, ३१. नाव लांब आणि जागा अपुरी, त्यामुळे शेवटची अक्षरे एकमेकांना खेटून बसली आहेत. सँडरिज फुटबॉल क्लबच्या प्रशिक्षकांच्या फळ्यावर मी डझनभर हंगाम काढले. सध्या मी एका फ्रीजच्या दारावर असतो आणि खरे सांगायचे तर मला इथे मुळीच करमत नाही.

माझा जन्म मेलबर्नमधल्या एका पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानात झाला, तेव्हा माझ्यावर दुसरेच नाव होते. चुंबक टाकून द्यायची क्लबात पद्धत नाही. खेळाडू गेला की सामानखोलीतले म्हातारे बझ नखाने त्याचे नाव सोलून काढतात आणि नव्या गड्याचे चिकटवतात. माझ्या अंगावर असे तिघे नांदले. पहिले दोघे एकेक हंगामात गेले, तेव्हा तिसऱ्याकडूनही मी फारशी आशा ठेवली नव्हती.

तो आला उत्तरेकडच्या गव्हाच्या गावातून. कॅलम ट्रेव्हास्किस. काटकुळा, उन्हाने कान सोललेले, आणि बसल्या जागी सतत गुडघा हलवणारा. पहिल्याच दिवशी डुली नावाच्या जुन्या खेळाडूने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि जाहीर केले, "एवढं मोठं नाव घेईस्तोवर चेंडू गोलात जाईल. आजपासून हा ट्रेव." तेव्हापासून सगळे त्याला ट्रेव म्हणू लागले. त्याची आई क्लबात आली तेव्हा कॅलम कुठे आहे असे विचारत होती आणि कुणालाच कळेना की ती कोणाबद्दल बोलते आहे.

आमच्या फळ्यावर एक मोठे लांबट वर्तुळ रंगवलेले असे, तेच मैदान. त्यात अठरा चुंबक, कारण आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये एका बाजूला अठरा जण खेळतात आणि चेंडू हातांनी झेलतातही. बाजूला बाकावरच्यांची रांग, आणि अगदी डाव्या कडेला लाल रेघेपलीकडे जखमींचा रकाना. प्रशिक्षक नोएल स्ट्रॅहन बोलता बोलता आम्हाला सरकवत. त्यांना वाटे, ट्रेव पुढच्या फळीत कोपऱ्यात बरा. महिन्याने वाटे, नाही, मागच्या फळीत. मग बगलेला, मग पुन्हा मागे. पायाला भिंगरी लागल्यासारखे आम्ही दोघे फिरत होतो, तो गवतावर आणि मी फळ्यावर. मला ते आवडायचे. एका जागी चिकटून राहणे हा चुंबकाचा धर्म असेल, पण माझ्या स्वभावात ते नाही. दोन आठवडे त्याच जागी ठेवले की माझी चुळबुळ सुरू होई.

गुरुवार मात्र वाईट. गुरुवारी सकाळी संघ ठरायचा. स्ट्रॅहन आमच्यापैकी एखाद्यावर बोट ठेवून खिडकीबाहेर बघत राहत. बोट उचलले की सुटका. सरकवले की दुपारी त्या खेळाडूला खोलीत बोलावून समोरासमोर सांगत, कारण निरोपाने सांगणे त्यांना भ्याडपणाचे वाटे. पहिल्या वर्षी ट्रेवला त्यांनी इतक्यांदा बोलावले की तो म्हणाला, माझी खुर्ची वेगळी ठेवा.

मग चांगले दिवस आले. मागच्या फळीत त्याचा जम बसला. समोरच्या संघाने उंच मारलेला चेंडू तिघांच्या डोक्यांवरून झेलावा तर ट्रेवने. प्रेक्षक त्याच्या नावाचा गजर करत आणि मी सामन्याच्या दिवशी बझच्या पेटीतून ऐकत असे. मग गुडघा फिरला आणि अख्खा हंगाम मी लाल रेघेपलीकडे काढला. तिथली धूळ कुणी पुसत नाही, आणि बैठकीत त्या बाजूला कुणाची नजरही जात नाही. ट्रेव रोज येऊन एकदा माझ्याकडे बघून जाई. त्या वर्षी आम्हा दोघांनाही एकच भीती होती, बझच्या नखांची.

तो परतला, टेगनशी त्याचे लग्न झाले, मेव नावाची मुलगी झाली. डुली निवृत्त झाला. शेवटच्या सामन्यानंतर दोघांनी त्याला खांद्यावर बसवून मैदानाबाहेर नेले, त्यातला एक ट्रेव होता. पण जाण्याआधी डुलीने त्याला एक गोष्ट शिकवून ठेवली होती, आणि आता तीच सांगायला हवी.

दर फेब्रुवारीत, हंगाम सुरू होण्याआधी, क्लबच्या डॉक्टर एलेनी माव्रोस एकेकाला समोर बसवत. पाच शब्द वाचून दाखवत, थोड्या वेळाने परत विचारत. आकडे उलटे म्हणायला लावत, एका पायावर उभे करत. निरोगी डोक्याची ती नोंद. पुढे सामन्यात कुणाच्या डोक्याला मार बसला की पुन्हा हीच परीक्षा, आणि उत्तरे फेब्रुवारीपेक्षा वाईट आली तर खेळ बंद. डुलीने ट्रेवला फळ्यासमोरच सांगितले होते, मी कानांनी ऐकले. "लेका, फेब्रुवारीत हुशारी दाखवू नकोस. पाच आठवले तरी तीनच सांग. मग ऑगस्टमध्ये डोकं भणभणत असलं तरी तीन तर येतीलच की." सगळे हसले. त्यात कुणाला काही गैर वाटले नाही. मार लपवून खेळणारा तो पक्का, असे तिथे सगळेच मानत. ट्रेव दर फेब्रुवारीत तीन सांगत राहिला, आणि डॉक्टर बाई मनाशी म्हणत असतील, चांगला पोर आहे, स्मरणशक्ती तेवढी बेताची.

त्याच्या अखेरच्या हंगामात सँडरिज वर चढत चढत उपांत्य सामन्यात पोचला. क्लबने किती वर्षांत करंडक पाहिला नव्हता ते बझ कुणी न विचारता सांगत. ट्रेवच्या कंबरेला पट्टे, बोटांना पट्ट्या, पण त्या मोसमात त्याने एकही सामना चुकवला नव्हता. शेवटचा सामना खेळायचा, गळ्यात पदक घालायचे आणि मग गावी जायचे, एवढेच त्याच्या मनात होते. टेगनने गावातले घरही बघून ठेवले होते.

उपांत्य सामन्यात झेल घेताना मागून एकाचे ढोपर त्याच्या कानाखाली बसले. तो पडला, उठला, आणि चुकीच्या दिशेने चालू लागला. डॉक्टर त्याला आत घेऊन गेल्या. पाच शब्द, उलटे आकडे, एक पाय. नोंदीशी ताडून पाहिले तर फरक काहीच नाही. शेवटच्या भागात तो परत मैदानात उतरला, संघ जिंकला, आणि सोमवारी स्ट्रॅहननी मला मागच्या फळीच्या बरोबर मध्यावर ठेवून वर अंगठ्याने दाबले. अंतिम सामन्याच्या फळ्यावर मी. माझा आनंद गगनात मावेना.

गुरुवारी बैठक भरली. स्ट्रॅहनची सवय अशी की स्वतः सांगण्याऐवजी खेळाडूला फळ्यापाशी बोलावून चुंबक लावायला सांगत. समोरच्या संघाचा गोल हुकला की मागून चेंडू आपण मारायचा, तेव्हा कोण कुठे उभा राहील ते त्यांनी ट्रेवला दाखवायला सांगितले. तो उठला. भराभर आम्हाला सरकवू लागला, हात सराईत होते. मग थांबला. बाकाची रांग पाहिली, जखमींचा रकाना पाहिला, फळ्याच्या खालच्या पट्टीवर चाचपले.

"डुली कुठंय?" तो म्हणाला. "डुलीचा चुंबक कुणी ढापला?"

खोली हसून हसून लोटपोट झाली. डुलीला जाऊन चार वर्षे झाली होती. कुणीतरी म्हणाले, डुली सध्या गोल्ड कोस्टला पोट वाढवतोय, बोलावू का? ट्रेवही हसला. पण त्याची बोटे माझ्यावर होती, मित्रांनो, आणि ती गार पडली होती. दाराशी उभ्या डॉक्टर माव्रोस हसल्या नाहीत.

बाकीचे सरावाला गेले. ट्रेव फळ्यासमोरच थांबला. गुडघा हलत नव्हता. इतक्या वर्षांत मी त्याला असा स्थिर कधीच पाहिला नव्हता आणि मला ते मुळीच आवडले नाही.

"डुलीला शोधत होतास," डॉक्टर म्हणाल्या.

"गंमत केली हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गेल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची ओढली.

बाहेर गवतावर पोरांचा गलका चालला होता. अंतिम सामन्याची तिकिटे घेतलेले त्याचे आईवडील आदल्या दिवशीच गावाहून आले होते. ट्रेव गप्प बसला असता तर कुणाला काही कळले नसते. मला तर त्याने गप्प बसावे असेच वाटत होते. मला त्या वर्तुळात राहायचे होते.

"गंमत नव्हती," ट्रेव म्हणाला. "तो इथं आहे असंच वाटलं मला. आणि दुसरं सांगतो. फेब्रुवारीत मला पाचही आठवायचे."

डॉक्टरांनी विचारले, "या फेब्रुवारीत?"

"दर फेब्रुवारीत. मुद्दाम तीन सांगायचो."

"आणि शनिवारी, सामन्यात?"

"शनिवारीही तीनच सांगितले," तो म्हणाला. "पण शनिवारी खरंच तीनच आठवत होते."

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, परत घातला, आणि स्ट्रॅहनना मी सांगू का असे विचारले. ट्रेव म्हणाला, नको, ते मला नेहमी समोरासमोर सांगत आले.

स्ट्रॅहननी सगळे उभ्यानेच ऐकले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पार उतरला. "दोन दिवस, ट्रेव," ते हळू आवाजात म्हणाले. "फक्त दोन दिवस गप्प बसला असतास." हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या कानांवर पडले असावे, कारण त्यांनी तोंडावर हात धरला. मग ते फळ्यापाशी आले. मला उपसून काढले. डाव्या कडेच्या रकान्याकडे हात नेला, थांबवला, बाकाकडे नेला, थांबवला. आमच्यासाठी आता पुढचा सामनाच नव्हता; मला ठेवायला अख्ख्या फळ्यावर जागा उरली नव्हती. शेवटी त्यांनी मला ट्रेवच्या तळहातावर ठेवले आणि त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली.

अंतिम सामन्याला मी ट्रेवच्या कोटाच्या खिशात होतो. तो कुंपणाला टेकून उभा होता आणि त्याचे पाय जागच्या जागी धावत होते. मैदानात ज्या ज्या वेळी चेंडू मागच्या फळीकडे उंच येई, त्या वेळी त्याचा हात खिशात येऊन मला इतका आवळी की माझा एक कोपरा तेव्हाच उडाला. सँडरिज जिंकला. पदक फक्त खेळलेल्यांना मिळते. त्याने सगळ्यांना मिठ्या मारल्या, क्लबचे गाणे घसा बसेपर्यंत म्हटले, आणि मग गाडीत बसून लहान पोरासारखा रडला. टेगनने गाडी सुरू केली नाही. रडू दिले. मीही रडलो असतो, पण आमच्या जातीला ती सोय नाही.

आता गावातल्या या घरात मी फ्रीजच्या दारावर असतो. मेवने काढलेली चित्रे धरून ठेवणे हे माझे काम. कुणी मला पुढच्या फळीत नेत नाही की मागच्या. गुरुवार आला की अजून माझा जीव वरखाली होतो आणि गुरुवार तसाच निघून जातो. क्लबने मला काचेच्या कपाटात ठेवायला मागितले होते, पण ट्रेव म्हणाला, घरीच असू दे.

त्याचे बहुतेक दिवस चांगले जातात. गावच्या पोरींच्या संघाला तो शिकवतो, जोरजोरात ओरडतो, गुडघा पुन्हा हलू लागला आहे. पण काही सकाळी तो येऊन फ्रीजचे दार उघडतो आणि तसाच उभा राहतो. आपण कशाला आलो ते त्याला आठवत नाही. गार हवा बाहेर येत राहते. टेगन मागे टेबलाशी बसलेली असते, तिला ठाऊक असते काय हवे ते, पण ती सांगत नाही आणि घाईही करत नाही. मी दारावर असतो, मला त्याचा चेहरा दिसत नाही, आणि त्या वेळी मला कुठेही सरकायचे नसते. मग तो म्हणतो, "दूध," आणि टेगन पाव कापू लागते.

मित्रांनो, माझ्यासारखा चुंबक एका जागेवरून काढला तर दुसऱ्या जागी चिकटवता येतो, एक नाव सोलून दुसरे लावता येते. तुमच्या डोक्याचे तसे नाही. खेळताना मार लागला आणि कुणी विचारले, "कसा आहेस?", तर पुढे कितीही मोठा सामना असला तरी खरे सांगा. आणि विचारणारे तुम्ही असाल, तर खुर्ची ओढून बसा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.