उभ्या गाडीतलं बोलणं

"गाडी चालवायची नसेल तर निदान तिच्यात बसू तरी नका," सासरे काचेशी वाकून पुटपुटले. "दार उघडलं की दिवा लागतो. रोज रोज दिवा. बॅटरी उतरली की मेकॅनिक काय मी होऊ? सगळी दुकानं बंद आहेत, मास्तरीणबाई."

मग नाकावर मास्क ओढून ते जिन्याकडे निघून गेले.

गाडीत त्यांचा मुलगा आणि सून. वर घरात अडीच खोल्या, आणि साथ आल्यापासून चौघंही दिवसभर घरातच. एका खोलीत नवऱ्याच्या मीटिंगा, दुसरीत टीव्हीवरचे आकडे. मनातलं बोलायचं तर खाली उभी असलेली ही गाडी. सासूबाईंना आधी वाटलं दोघं भांडायला जातात, मग वाटलं लाडात येऊन जातात. दोन्ही त्यांनी मोठ्या मनानं पोटात घातलं होतं.

सून मुलांना पोहायला शिकवायची. तलाव बंद झाल्यापासून तिला सगळं पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसे. आत्ताही काचांवर वाफ धरली होती आणि बाहेरचं झाड हिरव्या डागासारखं सावकाश हलत होतं. आवाज लांबून, मऊ होऊन येत होते. तिच्याकडे आता एकच विद्यार्थी उरला होता, पोटातला, आणि त्याला पोहणं शिकवायची गरज नव्हती.

फोन वाजला. हॉस्पिटलातल्या सल्लागार बाई, त्याही स्वतःच्या घरातून. "आई, खोडरबर कुठंय?" असं मागून कुणीतरी विचारत होतं.

बाळाची पहिली तपासणी हुकली होती, कारण सोनोग्राफीच्या खोलीत तापाचे रुग्ण ठेवले होते. ती ठरावीक आठवड्यांतच करायची असते, आणि बाळ काही कुणासाठी थांबत नाही. पुढे नुसती रक्ताची चाचणी झाली, तीत गुणसूत्रांमध्ये दोष असण्याची शक्यता जास्त निघाली. शक्यता, खात्री नव्हे. खात्री हवी तर पोटात सुई घालून थोडं गर्भजल काढायचं. त्यात बाळ गमावण्याचा थोडा धोका. यायचं एकटीनं. प्रयोगशाळेतली निम्मी माणसं साथीच्या कामाला लावलेली, म्हणून निकालालाही उशीर.

"सोमवारची वेळ धरून ठेवू का? संध्याकाळपर्यंत सांगा," बाई म्हणाल्या. "नको म्हणालात तरी चालेल. तोही निर्णयच असतो."

फोन बंद झाला.

"मला आत सोडणार नाहीत," नवरा स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "आणि हॉस्पिटलात आत्ता जायचं म्हणजे, अगं, केवढी साथ."

आठवडाभर घरात सगळे हेच म्हणत होते. तिला तलावाच्या काठाला घट्ट धरून बसणारी मुलं आठवली. पाणी गार आहे म्हणतात, चष्मा टोचतो म्हणतात, शू लागली म्हणतात. भीती वाटते असं एकही म्हणत नाही. त्यांची बोटं ओढून सोडवायची नसतात. हातभर अंतरावर पाण्यात उभं राहायचं आणि वाट बघायची.

ती वाट बघत राहिली.

मागचं दार उघडलं, दिवा लागला. सासूबाई सफरचंदाच्या फोडींचा डबा घेऊन आत सरकल्या. "यांना सांगू नका, दिव्यावरून माझं डोकं खातील." मास्कमुळे त्यांचा चष्मा धुरकटला होता. "कुणाचा फोन?"

"हॉस्पिटलचा. सोमवारी या म्हणतात."

"सोमवारी? अगं, तिथं केवढी साथ…"

डब्याच्या झाकणावर त्यांची बोटं पांढरी पडली होती. दिवा हळूहळू विझला.

"आई, साथ नसती तर तुम्ही मला जाऊ दिलं असतं?"

सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो पुन्हा धुरकटला.

"नसतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "दुसरं काहीतरी निमित्त शोधलं असतं."

नवऱ्यानं स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. हिरवा डाग काचेवर हलला.

"मी सोमवारी जाणार आहे," ती म्हणाली. आवाज पाण्याबाहेर आल्यासारखा स्वच्छ होता. "आणि बाळ तसं निघालं, तर मला ते जन्माला घालायला जमेल असं आज तरी वाटत नाही."