दाराशी ठेवलेला पिट्टू

हवालदार ज्ञानोबाने सहलीचं सामान पलंगावर मांडलं, तेही पलटणीत तपासणीला मांडतात तसं. गुंडाळ्या केलेले कपडे एका रेषेत, मोजे बुटांत खोचलेले, दाढीची डबी उजव्या कोपऱ्यात. मग एकेक वस्तू उचलून त्याने पिट्टूत भरली. पिट्टू म्हणजे पाठीवर मारायची हिरवी फौजी पिशवी. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आणि नाव घातलेलं होतं. बूट वरच्या कप्प्यात ठेवून त्याने पट्टे आवळले आणि पिट्टू नेहमीच्या जागी, बाहेरच्या दाराशी भिंतीला टेकवून उभा केला.

"झालं माझं," तो म्हणाला.

"तुमचं झालंच असणार." वैभवीसमोर लाल सुटकेस आ वासून पडली होती. "आम्ही काय पलटण नाही, हवालदारसाहेब. इथं पृथ्वीला अजून स्वतःची चड्डी सापडत नाही."

"मम्मी, यार!" पृथ्वीराज ओरडला. तो चौथीत होता.

"आईला यार म्हणतोस?"

"इथं सगळे म्हणतात."

दिल्ली कॅन्टमधल्या त्या क्वार्टरमध्ये आजवर सुट्टी म्हणजे गाव असंच समीकरण होतं. रजा मंजूर झाली की परभणीची गाडी, गावी गेलं की घराचे पत्रे बदलणं, कुणाचं तरी लग्न, आणि परत. नुसतं फिरायला जायचं, तेही नैनितालला, हे पहिल्यांदाच घडत होतं आणि ते ज्ञानोबाच्या डोक्यातून निघालं होतं. कारण रिंकू होती, त्याची धाकटी लेक.

रिंकू जन्मली तेव्हापासून तो बहुतेक सीमेवरच्या डोंगरातच होता. रजेवर येई, थोडे दिवस राही आणि जाई. एरवी तो तिला फोनच्या पडद्यावर दिसे. या फेब्रुवारीत त्याची दिल्लीला, घरच्यांजवळच, बदली झाली. चार दिवस झाले तरी हा माणूस घरातच आहे हे पाहून तिने आईला विचारलं होतं, "हे काका कधी जाणार?" घरातले सगळे हसले. तोही हसला. आता ती त्याला पप्पा म्हणत असे, पण पाणी हवं असलं, पडली, भ्याली, तर हाक आईलाच. हॉटेलच्या एका खोलीत सगळे राहिले, तलावात नावेत बसले, तर काहीतरी बदलेल असं त्याला वाटत होतं. काय बदलेल ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

तो कॅन्टीनमधून गाडीत खायला बिस्किटं घेऊन आला तेव्हा दाढीची डबी मोरीतल्या फळीवर होती. आपणच विसरलो असू म्हणून त्याने ती पुन्हा पिट्टूत टाकली. थोड्या वेळाने स्वेटर कूलरमागे सापडला. मग एक बूट नाहीसा झाला.

"पृथ्वी!"

"मी नाही, पप्पा. बिल्कुल नाही. मी तर माझी चड्डी शोधतोय."

ज्ञानोबा पडद्याआड जाऊन उभा राहिला. जरा वेळाने रिंकू आली. तिने इकडेतिकडे पाहिलं, पिट्टूचा पट्टा दातांनी ओढून सैल केला, त्याचा बनियन उपसून काढला आणि तो फ्रॉकखाली लपवून आतल्या खोलीत नेला.

म्हणजे हिला आपण बरोबर नको आहोत. दुसरा अर्थ त्याला सुचला नाही. आईबरोबर, दादाबरोबर जायचं आहे. या काकाचं सामान मात्र घरीच राहू दे.

तो बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. पालम विमानतळाकडे उतरणारं विमान डोक्यावरून गेलं. मग त्याला आठवलं, या घरात एक वाक्य कुणीही उलटतपासणी न करता खरं मानतं: रजा रद्द झाली. याआधी ते अनेकदा बोललं गेलं होतं आणि दर वेळी खरं होतं. आज खोटं बोललं तरी चालून जाईल. तिघं जातील, पोरगी मोकळेपणाने हसेल-खेळेल. जायचं त्याला फार होतं. पण तिची सहल बिघडवून जायचं नव्हतं.

तो स्वयंपाकघरात गेला. वैभवी गाडीसाठी धपाटे थापत होती.

"अगं, एक सांगायचं होतं."

"आधी माझं ऐका. ते दाराशी उभं केलेलं धूड मी नैनितालला नेणार नाही. तुमचे चार कपडे ते काय! आणा, आमच्या सुटकेसमध्ये टाका."

"त्यात जागा कुठाय?"

"पृथ्वीचे क्रिकेटचे पॅड काढले की आहे. आणि तुमची ती गुंडाळी-बिंडाळी नको. नुसतं कोंबायचं."

रजेचं मग सांगू. कपडे सुटकेसमध्ये टाकायला तरी काय हरकत, नंतर काढता येतील, असं म्हणून त्याने पिट्टू आत आणला आणि उरलेलं सामान पोरांच्या फ्रॉक-शर्टांवर ठेवायला सुरुवात केली. रिंकू दारात उभी राहून बघत होती. पिट्टू रिकामा होऊन जमिनीवर बसला तशी ती आत पळाली आणि बनियन घेऊन आली. तो तिने सुटकेसमध्ये ठेवला. परत गेली, मोजे आणले. मग दाढीची डबी. तीही पुन्हा पळवली होती हे त्याला आत्ताच कळलं.

"हे तू का काढलं होतंस गं?" वैभवीने दारातून विचारलं. तिचे हात पिठाचे होते.

"तो पिट्टू पप्पांचा जायचा असतो ना," रिंकू म्हणाली. "तो दाराशी ठेवला की पप्पा जातात. सुबह नसतात." तिने डबीवर स्वतःचा टॉवेल टाकून ती झाकली. "ही आपली बॅग आहे. ह्यात ठेवलं की सगळेच जाणार ना?"

"सगळेच," वैभवी म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "तुम्ही काय सांगत होता मघाशी?"

"काही नाही. धपाटे जरा जास्त कर."

त्याने पिट्टूची घडी घातली आणि स्टूलावर चढून तो माळ्यावर, जुन्या रजयांच्या मागे सरकवला. सुटकेस बंद होईना तेव्हा त्याने रिंकूला उचलून झाकणावर बसवलं. तिने त्याच्या खांद्याला धरलं, कारण धरायला दुसरं काही नव्हतं.

बूट मात्र मिळाला नाही. तो कुठे ठेवला ते तिलाही आठवेना. घरभर शोधाशोध झाली, पृथ्वीराजची चड्डी तेवढी सापडली. सकाळी नैनितालच्या पायथ्याशी नेणाऱ्या काठगोदामच्या गाडीत हवालदार ज्ञानोबा इस्त्रीच्या पँटवर रबरी चपला घालून बसला होता, आणि समोरच्या बाकावरचा म्हातारा त्याच्या पायांकडे पुन्हापुन्हा पाहत होता.