विरळ झालेले चित्र

भूक लागली आहे का, असे विचारले तरी चार वर्षांची चैत्राली आधी बापाच्या चेहऱ्याकडे पाहू लागली, तेव्हा कोलकात्याच्या बेहाला भागातील त्या घरात काहीतरी बिघडले आहे हे तिच्या आईने, मुग्धाने, ओळखले. गुरुदत्तला मात्र ते पटेना. बँकेच्या बदलीने या शहरात आलेल्या या गृहस्थाने मुलीला एस्प्लनेडच्या एका मेंदूविकास वर्गात घातले होते. पेशीपेशींमधल्या न वापरलेल्या जोडण्या मेंदू छाटून टाकतो आणि सहाव्या वर्षानंतर शिकण्याचे दार बंद होते, असे तेथील संचालकाने त्याला बजावले होते. तेव्हापासून वरणभाताच्या घासाबरोबर राजधान्या आणि आंघोळीच्या पाण्याबरोबर पाढे सुरू झाले.

"अहो, पोपटसुद्धा मधूनमधून गप्प बसतो," मुग्धा म्हणे. पुढची बदली कुठे होईल कोण जाणे, आत्ता जमवले तेवढेच आपले, हे त्याचे ठरलेले उत्तर असे.

वर्गाने आता रविवारही मागितला. होकार देण्यापूर्वी वरच्या मजल्यावरील कालिंदीताईंना विचारावे, असा मुग्धाने हट्ट धरला. या बाई वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी चेतापेशींची तीन चित्रे गुरुदत्तपुढे मांडली आणि यांतला सर्वांत प्रगल्भ मेंदू कोणता, असे विचारले. पहिल्यात मोजके फाटे होते. दुसऱ्यात सुंदरबनासारखे दाट जाळे. तिसऱ्यात जाळे विरळ, पण धागे ठळक. गुरुदत्तने निःशंकपणे दुसऱ्यावर बोट ठेवले.

"तो दोन वर्षांच्या बाळाचा," कालिंदीताई म्हणाल्या. "पहिला नवजाताचा. आणि तो विरळ तुमचा, साहेब. त्याच्याच जोरावर बँकेची परीक्षा पास झालात."

गुरुदत्त गोंधळला. विरळ होणे हीच जर वाढ, तर छाटणीची धास्ती कसली? आणि वापरले तेच टिकत असेल, तर वर्गवाले चुकले कुठे? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे त्याला उमगेना, आणि तसे त्याने बोलूनही दाखवले. संचालकाने अर्धेच सांगितले, असे बाईंचे म्हणणे पडले. छाटणी हा रोग नव्हे. ती विशीपर्यंत चालते, आणि सहाव्या वर्षी कोणतेही दार लागत नाही. रोजच्या वापरातल्या वाटा पक्क्या होतात, एवढे मात्र खरे.

"मग मी तेच तर करतो आहे!"

"तुम्हाला वाटते, ती पाढे गिरवते आहे. ती रोज तुमचा चेहरा वाचते आहे, गुरुदत्त. वापरात आहे ती भीती. तीही टिकेल."

तो खाली आला. चैत्राली बाल्कनीत एका वाटीतले पाणी दुसरीत ओतत होती. त्याला पाहताच तिचा हात थांबला आणि कुणी न विचारताच ती राजधान्या म्हणू लागली. गुरुदत्त ओल्या फरशीवर बसला.

"बाबा, बरोबर?"

"मला नाही माहीत गं. तू ओत पाणी."

तिने बराच वेळ त्याचा चेहरा न्याहाळला, मग वाटी कलती केली. त्याच्या मनातला गोंधळ पुरता मिटला नव्हता. तरी वर्गाला त्याने नकार कळवला, रविवारसकट साऱ्या आठवड्याचा.

वाचकहो, लेकराच्या मेंदूत काय राहावे आणि काय गळावे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याच्या वाट्याला रोज काय येते, एवढेच आपल्या हाती आहे. पाठ केलेल्या राजधान्या विसरल्या तर पुन्हा शिकता येतात. आईबापांच्या चेहऱ्याची धास्ती मात्र एकदा मुरली की सहजी निघत नाही.