पुसणाऱ्या मॅडमचा डस्टर

मी डस्टर बोलतोय. विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागाचा. पाठ लाकडाची, पोट जाड लोकरी कापडाचं, आणि खुराक म्हणाल तर खडूची धूळ. माझ्या भाऊबंदांचं काम तास संपल्यावर सुरू होतं. माझं मात्र तास ऐन रंगात आला की सुरू व्हायचं. याला कारण आमच्या मॅडम.

मॅडम पहिल्या वर्षाला मानसशास्त्राची तोंडओळख करून द्यायच्या आणि मुलं शिकतात कशी, यावर संशोधन करायच्या. फळाभर मेंदूची आकृती काढायच्या, एकेक भाग समजावून द्यायच्या. मुलांनी उतरवून घ्यायला वह्या उघडल्या, की मला उचलून सगळं साफ करायच्या.

"मॅडम, थांबा ना! फोटो तरी काढू द्या!"

"फोटो काढलास तर मोबाइलच्या लक्षात राहील. वह्या मिटा. आता तुम्ही काढा, आठवेल तशी."

मग कुणी पेन चावायचं, कुणी शेजाऱ्याच्या कागदात डोकवायचं, बाकीचे छताकडे बघायचे. आठवत नसलं की माणूस वर का बघतो, मला कळलेलं नाही. छताला पंख्याशिवाय काही नव्हतं.

मॅडमचं म्हणणं साधं होतं. तेच तेच वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो, आणि आपण समजतो की आपल्याला तो येतो. आठवताना घाम फुटला, तरच ते टिकतं. दुसऱ्या तुकडीला त्या हेच धडे न पुसता शिकवायच्या. ती मुलं खूश असायची. पण काही आठवड्यांनी अचानक चाचणी घेतली, की आमची तुकडी पुढे. तरी आमची मुलं स्वतःला ढच समजायची. पहिल्या बाकावरची एक मुलगी फळा जसाच्या तसा उतरवायची, म्हणून सगळे तिला 'झेरॉक्स' म्हणत. मी फळ्याला टेकलो की ती रडकुंडीला यायची.

वर्षअखेरीस मुलांनी अभिप्राय दिले आणि त्यात मॅडम नापास झाल्या.

"तुमचं संशोधन चांगलंय हो," विभागप्रमुख म्हणाले, "पण मुलं वैतागलीयत. समितीपुढे तुमची बाजू मांडा. नाही पटलं, तर पहिलं वर्ष दुसऱ्या कुणाकडे देऊ."

मॅडमचा जीव त्या वर्गात होता. बैठकीच्या आदल्या दिवशी त्या रिकाम्या वर्गात बसून आपलं भाषण वाचत होत्या. संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. कागद एकदाही पालथा घातला नाही. मी समोरच होतो, पण माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी समिती त्याच वर्गात बसली आणि मॅडम कागद न घेता उभ्या राहिल्या. सुरुवात झकास झाली आणि गाडी अडली. मॅडमनी छताकडे पाहिलं. पंखा फिरत होता. कुणीतरी खाकरलं. मला त्यांची फार दया आली.

आणि मॅडम चक्क हसायला लागल्या. "काल दिवसभर मी हे नुसतं वाचत बसले. सगळं येतंय असं वाटत होतं. मुलांना वर्षभर जे करू दिलं नाही, नेमकं तेच केलं मी!"

मग त्यांनी खडू घेतला, दोन्ही तुकड्यांच्या निकालाचा आलेख न अडखळता काढला, समजावला आणि मला उचलून पुसून टाकला. खडू विभागप्रमुखांपुढे धरला. "सर, आता तुम्ही काढा."

सरांनी छताकडे पाहिलं. सगळे हसले. पण समितीला काही पटलं नाही.

आता पहिल्या वर्षाला दुसरे सर शिकवतात. फळ्यावर पांढरा पडदा उतरतो, त्यावर मजकूर सरकतो, मुलं फोटो काढतात. सगळी खूश आहेत. मी पडद्यामागे उपाशी पडून असतो.

परवा रिकाम्या तासाला झेरॉक्स आली. बरोबर धाकटी बहीण, यंदा पहिल्या वर्षाला आलेली. झेरॉक्सने पडदा वर केला, मेंदूची आकृती काढली, समजावली. बहिणीने वही उघडली मात्र, झेरॉक्सने मला उचललं.

"अगं ताई, थांब ना! फोटो तरी काढू दे!"

"मोबाइलच्या लक्षात राहील मग," झेरॉक्स म्हणाली आणि सगळं पुसून टाकलं. "आता तू काढ."

कितीतरी दिवसांनी पोटात धूळ गेली. फार बरं वाटलं.

चला, तुम्हीही आता हे पान मिटा आणि मी काय काय सांगितलं ते आठवून बघा. छताकडे बघितलंत तरी चालेल.