शिट्टीची वही

"हळू वाजव, शेजारीपाजारी गोळा होतील," असं नवरा म्हणाला, पण तोपर्यंत मी वाजवली होती. त्याचा चहा बशीत न पडता थेट लेंग्यावर सांडला. लेक ओल्या केसांनी न्हाणीघरातून धावत आली आणि खिडकीतली कबुतरं जी उडाली ती अजून परतलेली नाहीत.

"आई, आमच्या खेळाच्या सरांची पण एवढी जोरात वाजत नाही!"

"कशी वाजेल? ही कंपनीची आहे," मी म्हटलं आणि लाल शिट्टी गळ्यात नीट सारखी केली. आरशात दोनदा बघून घेतलं. नवरा लेंगा झटकत म्हणाला, "घरात वाजवायची काही गरज नव्हती. घरात तुझं सगळे तसंही ऐकतात."

आमची कंपनी लोकांच्या बागा, शाळांची मैदानं आणि दवाखान्यांची आवारं राखते. अकरा वर्षं मी तिथे गवत कापायचं मशीन चालवते आहे. एवढ्या वर्षांत कुणी माझं मत विचारलंच असेल, तर ते डब्यात मीठ कमी आहे का, एवढ्यापुरतं. आणि मागच्या आठवड्यात बावीस जणांनी हात वर करून मला सुरक्षा प्रतिनिधी निवडलं! नियम सोपा होता. रोज सकाळी सगळ्यांचं सामान तपासायचं. काम करताना धोका दिसला तर शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली की सगळी मशीनं बंद, मग समोर साहेब असो की साहेबाचा बाप. कारण मोठ्याने सांगायचं आणि वहीत लिहायचं.

त्या दिवशी पहिला हात वर गेला होता तो मामाचा. माझा सख्खा मामा. वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं आणि त्यानेच कंपनीत चिकटवलं. एकोणतीस वर्षं तो झाडांवर चढून फांद्या कापतो, आणि एकदाही पडलेला नाही. दोर कसा तपासायचा हे आम्हा सगळ्यांना त्यानेच शिकवलं. डोळे मिटायचे आणि दोर टोकापासून टोकापर्यंत उघड्या बोटांमधून सोडायचा. "डोळे फसतात. बोटं कधी फसत नाहीत," असं तो म्हणायचा. स्वतःच्या दोराला मात्र तो कुणाला हात लावू देत नसे. रोज सकाळी गाडीच्या पायरीवर बसून, डोळे मिटून स्वतःच तपासायचा.

त्या सकाळी मी वही घेऊन रांगेपुढून निघाले. एकाचा चष्मा तडकलेला निघाला, तो बदलायला लावला. लंबू फांद्यांचा भुगा करणारं मशीन चालवतो, त्याला आवाज अडवणारे कानावरचे डबे गळ्यात नाही, कानावर घालायला लावले. अंगात नुसता वारा भरला होता. मग मामा आला.

"मामा, दोर."

"बघून झालाय माझा." तो हसला. "तुझं नाक पुसायला मी होतो गं. आता तू माझा दोर तपासणार होय?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. आणि वहीत त्याच्या नावापुढे 'तपासला' अशी खूण केली.

काम एका शाळेत होतं. पटांगणातल्या जुन्या झाडाची जाडजूड फांदी वर्गांच्या छपरावर आली होती आणि दोन दिवसांनी शाळा उघडणार होती. आमचे साहेब आणि शाळेच्या मुख्याध्यापिका धोक्याच्या पिवळ्या पट्टीबाहेर उभे राहून बघत होते. मामा चढायला लागला की बघतच राहावं! साठीला टेकलेला माणूस, पण जमिनीवर कुरकुरणारे त्याचे गुडघे झाडावर गप्प होतात. मधल्या बेचक्यात पोचल्यावर त्याने कमरेचा आखूड पट्टा खोडाभोवती अडकवला आणि खाली हात केला. आता मुख्य दोर आणखी वरच्या बेचक्यातून टाकायचा, आखूड पट्टा सोडायचा, आणि त्या दोरावर भार देऊन छपरावरच्या फांदीवर चालत जायचं.

खालून दोर पुरवायला मी होते. पिशवीची गाठ सुटेना म्हणून हातमोजे काढून काखेत मारले होते. दोर भराभर वर चालला होता. आणि मध्येच माझ्या बोटांना काहीतरी लागलं. दोन बोटांएवढी जागा. वरून दोर धडधाकट, आत मात्र काहीच नाही, नुसती मऊ पोकळी. कळेपर्यंत ती जागा वर निघूनही गेली.

मामाने दोर वरच्या बेचक्यातून टाकला. गाठ मारली. त्याचा हात आखूड पट्ट्याच्या कडीकडे गेला.

शिट्टी माझ्या ओठांत होती, पण फुंकरच येईना. साहेब बघत होते, मुख्याध्यापिका बघत होत्या. माझ्या बोटांचा भ्रम असेल तर? आणि नसेल, तर सकाळची ती खोटी खूण? मामाने कडी दाबली.

मी जीव खाऊन फुंकलं.

गवताचं मशीन बंद पडलं. कुंपण कापणाऱ्याने हात थांबवले. लंबूला खुणा केल्यावर त्याच्या मशीनचं धूडही घरघरत शांत झालं. शाळेचा एक नळ गळत होता, त्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"कोणी वाजवली?" वरून मामा ओरडला.

"मी. कडी सोडू नको!"

"का?"

"दोर आतून तुटलाय."

"माझा दोर? सकाळीच बघितलाय मी."

"मी नव्हता बघितला," मी ओरडले. साहेबांकडे बघितलं नाही. "न बघताच खूण केली मी. खोटी. आत्ता हाताला लागलं. तुझ्या गाठीपासून दोन हात खाली बघ."

मामाने हातमोजे काढले. डोळे मिटले आणि दोर बोटांमधून सोडायला लागला. एकदा. मग पुन्हा. गाठीपासून दोन हातांवरची ती जागा त्याच्या बोटांमधून गेली, ते मला खालूनही दिसलं, पण बोटं थांबली नाहीत.

"काही नाहीये इथं," तो म्हणाला. आवाज मात्र पूर्वीसारखा नव्हता.

"मामा, परत बघ."

त्याने तिसऱ्यांदा दोर सोडला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तो वाकला आणि दोर गालावर धरून ओढत नेला. अर्ध्यात थांबला. मग हात समोर धरून स्वतःच्या बोटांकडे बघायला लागला.

मला तेव्हा सगळं कळलं. एकोणतीस वर्षं थरथरणारी करवत धरून ती बोटं कधीच मेली होती. रोज सकाळी पायरीवर बसून तो मनापासून दोर तपासत होता, पण त्याच्या बोटांना काहीच लागत नव्हतं.

"नवा दोर पाठवा," एवढंच तो म्हणाला आणि कमरेची बारीक दोरी खाली सोडली. नव्या दोराने तो सरळ खाली उतरला. फांदी तशीच राहिली. साहेबांनी मुख्याध्यापिकांना सांगितलं, "उद्या काम पुरं करू." माझ्याजवळ येऊन म्हणाले, "खूण खोटी केलीत, तेही वहीत लिहा. आणि शिट्टी चांगली वाजवलीत." खरं सांगते, मला रडू येत होतं आणि त्याच वेळी नाचावंसंही वाटत होतं. मामा जमिनीवर होता!

बाद झालेला दोर दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून कापून टाकायचा नियम आहे. मामाने स्वतःच्या सुरीने तो कापला, हात-हाताचे तुकडे करून. गाडीत माझ्याशेजारी न बसता तो पुढे जाऊन बसला.

संध्याकाळी मामीचा फोन आला. "काय केलंस गं ह्यांना? आल्यापासून शर्टाची बटणं काढतायत आणि लावतायत."

"चिडलाय का माझ्यावर?"

"चिडलेत की काय, तेच कळेना. मध्येच म्हणाले, पोरीनं बरोबर केलं. आणि परत बटणं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. मी सगळ्यांचे दोर डोळे मिटून टोकापासून टोकापर्यंत तपासले. कुणी हसलं नाही. मामा शेवटी उभा होता. त्याच्या खांद्यावर दोर नव्हता, हातमोजेही नव्हते.

"मामा, सामान?"

त्याने दोन्ही हात पुढे केले. तळवे वर करून.

"हे तपास."

मी मामाचं एक बोट धरलं आणि नखाने टोचलं. त्याचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं.

"लागतंय?"

"नाही."

दुसरं टोचलं. "हे?"

"नाही."

दहाही बोटं झाली. अंगठ्याला थोडं लागलं, असं तो म्हणाला, पण मला वाटतं ते माझ्यासाठी.

"वहीत काल काय लिहिलंस?" त्याने विचारलं.

"दोर."

"त्याच्या खाली लिही. बोटं."

मी लिहायला लागले. मामा वहीत डोकावून बघत उभा राहिला, पूर्वी माझा अभ्यास घ्यायचा तसा. लिहून झाल्यावर त्याने ओळ वाचली.

"तारीख राहिली," तो म्हणाला.

मी तारीख घातली.